आमदारकी आणि वर्दी, एकाच माणसाकडे

तुलसी गबार्ड हे नाव भारतात पोहोचलं ते भगवद्गीतेमुळे. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी संसदेच्या सदस्य म्हणून त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली आणि पुढच्या वर्षी तीच प्रत न्यूयॉर्कमध्ये पंतप्रधान मोदींना भेट दिली. नाव ऐकून अनेकांना त्या भारतीय वंशाच्या वाटतात. तशा त्या नाहीत. जन्म अमेरिकन सामोआचा, कुळ सामोअन आणि युरोपीय, धर्म हिंदू. गीतेच्या या गोष्टीमागे त्यांच्या आयुष्यातली आधीची एक गोष्ट झाकली गेली आहे आणि मला ती जास्त मोलाची वाटते. २००२ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्या हवाई राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. आमदार असतानाच एप्रिल २००३ मध्ये त्या सैन्यात दाखल झाल्या. आणि २००४ मध्ये, दुसरी निवडणूक तोंडावर आलेली असताना, प्रचार सोडून इराकच्या तैनातीवर निघाल्या.

आपल्याला हे ऐकून बुचकळ्यात पडायला होतं. लष्कराने राजकारणापासून चार हात लांब राहायचं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. निवृत्त कर्नलसाहेब निवडणुकीला उभे राहिले तर त्यात नवल नाही. पण आज विधानसभेत लक्षवेधी मांडणारा माणूस परवा छावणीत सॅल्यूट ठोकतोय, हे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. अमेरिकेत मात्र ते जुनं आहे आणि रूढही. ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याची एक छोटी आवृत्ती आपल्याकडेही आहे.

शनिवार-रविवारची फौज

पहिली गोष्ट अशी की हा आमदार पूर्णवेळ सैनिक नसतो. अमेरिकेत पूर्णवेळ लष्कर वेगळं, आणि त्याच्या जोडीला प्रत्येक राज्याचं स्वतःचं 'नॅशनल गार्ड' वेगळं. गार्डमध्ये शिक्षक असतात, परिचारिका असतात, शेतकरी, वकील, ट्रकचालक असतात. ठरलेला हिशेब असा: महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायतीचा आणि वर्षातून साधारण दोन आठवड्यांचं शिबिर. एरवी माणूस आपल्या नोकरीधंद्यावर. पूर आला, चक्रीवादळ आलं, जंगलाला वणवा लागला की राज्याचा गव्हर्नर त्यांना बोलावतो. युद्ध आलं की राष्ट्राध्यक्ष.

गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखा दिल्लीहून नेमलेला नव्हे. तो लोकांनी निवडलेला असतो, सरकार प्रत्यक्ष चालवतो. आपल्या नजरेने पाहिलं तर मुख्यमंत्र्याच्या जास्त जवळचा. हा फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढची सगळ्यात अवघड गाठ तिथेच बसली आहे.

गार्ड आपला वाढदिवस १३ डिसेंबर १६३६ मानतं. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने गावोगावच्या हत्यारबंद माणसांच्या रेजिमेंट बांधायचं ठरवलं. तिथे गावातला धडधाकट पुरुष म्हणजेच शिपाई होता आणि गावचा पुढारी बऱ्याचदा पथकाचा कप्तान. म्हणजे सभेत बसणारा आणि बंदूक उचलणारा हे दोघे तिथे आधी वेगळे नव्हतेच. ते पुढे वेगळे झाले. १९०३ साली या विस्कळीत राज्य-पथकांना आजच्या गार्डचं रूप देणारा कायदा झाला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते चार्ल्स डिक हे ओहायोचे खासदार होते आणि त्याच राज्याच्या गार्डमध्ये मेजर जनरलही. कायदा करणारा आणि त्या कायद्याखाली कवायत करणारा एकच माणूस!

दुसरी गोष्ट आमदारकीची. आपल्याकडे आमदार म्हणजे बारा महिने तेरा काळ आमदार. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तसं नाही. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. न्यू हॅम्पशायरच्या आमदाराला वर्षाला १०० डॉलर मानधन मिळतं. आजच्या काळात हा आकडा खरा वाटत नाही, पण खरा आहे. हवाईचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि ६० कामकाजी दिवसांचं असतं. बहुतेकांना पोटापाण्यासाठी दुसरं काही करावंच लागतं. विमा विकणारा आमदार असतो, शेती करणारा असतो. त्यात गार्डमध्ये असणारा आमदार म्हणजे अर्धवेळ आमदार आणि अर्धवेळ सैनिक, आणि या दोन अर्धवेळांच्या मध्ये बऱ्याचदा तिसरी, पोट भरणारी नोकरी. एका माणसाच्या कॅलेंडरमध्ये हे सगळं बसतं ते एवढ्यासाठी की यातलं एकही काम पूर्ण वेळ मागत नाही. निदान शांततेच्या काळात तरी.

जोनी अर्न्स्ट यांचा आठवडा

ही व्यवस्था नीट चालते तेव्हा कशी दिसते, ते आयोवातल्या जोनी अर्न्स्ट यांच्याकडे पाहून कळतं. महाविद्यालयात असतानाच त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतलं, पुढे राखीव दलात आणि मग आयोवाच्या गार्डमध्ये आल्या. २००३ मध्ये त्या एका वाहतूक कंपनीच्या प्रमुख म्हणून कुवेतला गेल्या. कुवेतहून दक्षिण इराककडे रसद पोहोचवणारे ट्रकांचे ताफे ही त्यांच्या कंपनीची जबाबदारी. परत आल्यावर जिल्ह्याच्या लेखा अधिकारी म्हणून निवडून आल्या (तिथे हे पदही निवडणुकीचं असतं) आणि जानेवारी २०११ च्या पोटनिवडणुकीत राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, गेल्या.

राज्याच्या सिनेटवर असतानाच्या काळात त्या लेफ्टनंट कर्नल होत्या आणि गार्डच्या १८५ व्या रसद बटालियनचं नेतृत्व करत होत्या. बटालियनचं ठाणं कॅम्प डॉज, राजधानी डे मॉइनच्या वेशीवरच. विधिमंडळाची इमारतही डे मॉइनमध्येच. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन कामं. आठवडाभर विधेयकं आणि समित्या. कवायतीच्या शनिवार-रविवारी ट्रक, सुटे भाग, शेकडो माणसांची हजेरी आणि प्रशिक्षण. २०१४ मध्ये त्या अमेरिकेच्या संसदेत सिनेटर म्हणून निवडून आल्या आणि पुढच्या वर्षी २३ वर्षांची लष्करी सेवा संपवून निवृत्त झाल्या.

आयोवाच्या राज्यघटनेत याबद्दलचं कलम आहे आणि आपल्या वाचकाला ते लगेच ओळखीचं वाटेल. 'लाभाचं पद' धारण करणाऱ्याला विधिमंडळात बसता येणार नाही, असं ते सांगतं. आणि लगोलग पुढे म्हणतं की ज्याला वार्षिक पगार नाही असं मिलिशियातलं (म्हणजे नागरिकांच्या हत्यारबंद पथकांतलं) पद लाभाचं मानू नये. आपल्या राज्यघटनेतल्या १०२ आणि १९१ या अनुच्छेदांतलं 'लाभाचं पद' हे याच कुळातलं. मूळ दोघांचं एकच: इंग्लंडचा १७०१ चा कायदा. राजाकडून पगार खाणारा माणूस राजाला जाब विचारणार नाही, ही त्यामागची भीती. मला ही भीती आजही रास्त वाटते. सरकारच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने सरकारला प्रश्न विचारावेत ही अपेक्षाच अवघड. म्हणून तर दोन्हीकडे आधी दार बंद केलं आणि मग नागरी जीवन न सोडणाऱ्या अर्धवेळ सैनिकापुरती एक खिडकी उघडी ठेवली.

हुकूम कोणाचा?

आता ती गाठ. आमदाराचं काम काय? गव्हर्नरच्या सरकारवर लक्ष ठेवणं, त्याचा अर्थसंकल्प तपासणं, वेळ आली तर त्याच्या विरोधात मत देणं. आणि त्या राज्याच्या गार्डचा सरसेनापती कोण? तोच गव्हर्नर. म्हणजे शुक्रवारी सभागृहात ज्याच्यावर टीका केली, शनिवारी त्याच्याच हुकमाखाली उभं राहायचं.

गार्डचा सैनिक भरती होताना देशाच्या आणि आपल्या राज्याच्याही घटनेशी निष्ठेची शपथ घेतो; राष्ट्राध्यक्षांचे आणि गव्हर्नरचे हुकूम पाळीन असंही म्हणतो. आमदारही देशाच्या आणि राज्याच्या घटनेची शपथ घेतो. दोन्ही शपथांत घटना सारख्याच. फरक हुकमाचा. सैनिकाच्या शपथेत हुकूम पाळणं आहे, आमदाराच्या शपथेत ते नाही, आणि असूही नये.

प्रत्यक्षात गार्डचं काम तीन तऱ्हांनी चालतं आणि प्रत्येक तऱ्हेत धनी बदलतो. पुरात माणसं काढायला गार्ड उतरतं तेव्हा हुकूम गव्हर्नरचा आणि खर्च राज्याचा. महिन्याच्या कवायतीत हुकूम गव्हर्नरचाच, पैसा मात्र वॉशिंग्टनचा. आणि केंद्राने बोलावून घेतलं की हुकूम राष्ट्राध्यक्षांचा, गव्हर्नर बाजूला. या तिसऱ्या प्रकारावरून मोठा खटला झाला होता. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी आपल्या राज्याच्या गार्डला प्रशिक्षणासाठी देशाबाहेर, मध्य अमेरिकेतल्या देशांत पाठवायला विरोध केला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की गव्हर्नरची संमती लागत नाही. त्यामुळे गार्डमधल्या आमदारापुढे असाही दिवस येऊ शकतो की त्याचं विधिमंडळ एखाद्या मोहिमेच्या विरोधात ठराव करत असेल आणि तो स्वतः त्याच मोहिमेच्या विमानात बसलेला असेल.

जिभेवरही बंधन येतं. लष्करी कायद्याचं एक कलम कमिशन (म्हणजे अधिकारीपदाची अधिकृत नेमणूक) मिळालेल्या अधिकाऱ्यांना राष्ट्राध्यक्ष, संसद, संरक्षणमंत्री यांच्याविषयी तुच्छतेने बोलायला मनाई करतं. त्याच यादीत, ज्या राज्यात अधिकारी कामावर आहे तिथला गव्हर्नर आणि तिथलं विधिमंडळही आहे. विरोधी पक्षाच्या आमदाराची तर भाकरीच सरकारवरच्या टीकेवर भाजली जाते! केंद्राच्या सेवेत असेपर्यंत त्याला ती चूल थंड ठेवावी लागते.

प्रचारात वर्दीतला फोटो वापरता येतो, पण अटींवर. हुद्दा आणि सेवा खरी सांगायची, याला संरक्षण खात्याचा पाठिंबा नाही हे ठळक लिहायचं, आणि तो फोटोच प्रचाराचा मुख्य चेहरा करायचा नाही. अंगावर वर्दी चढवून प्रचारसभेत जायला सक्त मनाई.

काळाची सीमाही आखलेली आहे, २७० दिवसांची. बोलावणं त्याहून कमी मुदतीचं असेल आणि सैन्याच्या कामात अडथळा येत नसेल, तर आमदारकीचं काम करता येतं. त्याहून मोठ्या मुदतीच्या हुकमावर असलेल्याला त्या पदाचे अधिकार वापरता येत नाहीत. कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. पण मतदारसंघाचं काय होतं, याचं उत्तर त्या रेघेत नाही.

रिकामी खुर्ची

इथे पुन्हा हवाईला जाऊ. हवाईतल्या कनिष्ठ सभागृहाची मुदत फक्त दोन वर्षं. २००२ मध्ये निवडून आलेल्या गबार्ड यांना २००४ मध्ये पुन्हा लोकांपुढे जायचं होतं. अर्ज भरून झाला होता. तेवढ्यात हवाई गार्डच्या २९ व्या ब्रिगेडला इराकसाठी बोलावणं आलं. जायलाच हवं अशा यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या स्वतःहून गेल्या.

पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या रिडा कॅबॅनिला यांनी तेव्हा जाहीर मागणी केली की गबार्ड यांनी राजीनामा द्यावा, कारण इराकमध्ये बसून मतदारसंघाचं प्रतिनिधित्व होणार नाही. ऑगस्टमध्ये गबार्ड यांनी प्रचार करणार नसल्याचं सांगितलं. नियमानुसार मतपत्रिकेवरून नाव मात्र काढता आलं नाही. मतपत्रिकेवर नाव, उमेदवार युद्धाच्या तयारीत. कॅबॅनिला जिंकल्या.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण गबार्ड यांच्या त्यागावर थांबतात. त्यागाचा मान ठेवूनही मला वाटतं, कॅबॅनिला यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. रस्ता खचलाय, शाळेला निधी नाही, म्हाताऱ्या आईचं सरकारी काम अडलंय, अशा वेळी मतदाराने दार ठोठावायचं कुणाचं? देशासाठी गेलेल्या माणसाविषयी आदर वाटतोच, पण त्या दाराला कुलूप असतं हेही खरं. हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवायची घाई होते, आणि ती मला पटत नाही.

इराकमध्ये गबार्ड बगदादच्या उत्तरेला बलाद इथल्या मोठ्या तळावर वैद्यकीय तुकडीत होत्या. जखमींच्या रोजच्या याद्या चाळून त्यात हवाईचा कुणी आहे का ते पाहणं हे त्यांचं काम. आमदारकी मागे सुटली होती, तरी एका अर्थाने आपल्याच माणसांची विचारपूस चालू होती. परतल्यावर २००७ मध्ये त्यांनी अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेतलं, लष्करी पोलिसांच्या तुकडीची प्रमुख म्हणून कुवेतची दुसरी तैनाती केली, मग होनोलुलूच्या नगर परिषदेत आणि तिथून २०१२ मध्ये संसदेत. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची धडपड चालू असताना, ऐन ऑगस्टमध्ये, त्या प्रचार थांबवून दोन आठवडे गार्डच्या सरावासाठी इंडोनेशियाला गेल्या होत्या. वर्षाच्या शिबिराची तारीख चुकवता येत नाही, मग प्रचार कितीही मोठा असो.

रिकाम्या खुर्चीचा दुसरा मार्ग युटा राज्यात दिसला. तो आमदाराचा नव्हे, महापौराचा किस्सा आहे, पण प्रश्न तोच. नॉर्थ ऑग्डेन गावचे महापौर ब्रेंट टेलर हे युटा गार्डमध्ये मेजर होते. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली, गावाला सगळं समजावून सांगितलं, कारभार बदली महापौराकडे दिला आणि अफगाणिस्तानला गेले. ती त्यांची चौथी तैनाती. ३ नोव्हेंबर २०१८ ला काबूलमध्ये, ज्या अफगाण सैनिकांना ते शिकवत होते त्यांच्यातल्याच एकाने गोळी झाडली आणि ते गेले. घरी पत्नी आणि सात मुलं. काही दिवसांपूर्वीच त्यांनी फेसबुकवर अफगाणिस्तानातल्या निवडणुकीचं कौतुक करून आपल्या लोकांना मतदान करा म्हणून कळवळून लिहिलं होतं. त्यांचं पार्थिव अमेरिकेत उतरलं ६ नोव्हेंबरला, नेमक्या मतदानाच्या दिवशी.

गाव मात्र त्या वर्षभरात कारभाऱ्याशिवाय राहिलं नव्हतं. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. जाणाऱ्याने आधी सांगावं, बदली माणूस ठरवावा, त्याला पूर्ण अधिकार द्यावेत. आयडाहोसारख्या राज्यात आमदारालाही तात्पुरता बदली प्रतिनिधी देण्याची सोय आहे.

आपल्याकडची खिडकी

भारतात पूर्णवेळ सैनिकाला निवडणूक लढवता येत नाही. पण १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला सुरू झालेली प्रादेशिक सेना, म्हणजे 'टीए', ही आपली अर्धवेळ फौज आहे. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन आहेत. टीएत अधिकारी व्हायचं तर स्वतःची कमाई असावी लागते. ही नोकरी म्हणून घ्यायची गोष्ट नाही. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण आणि गरज पडली तर बोलावणं.

धोनी किंवा कपिल देव यांचं लेफ्टनंट कर्नलपद यातलंच, पण ते मानद. परीक्षा-मुलाखत देऊन कमिशन घेणारे राजकारणी वेगळे. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रात राज्यमंत्री असताना सचिन पायलट टीएत लेफ्टनंट झाले. २०१८ पासून ते राजस्थानात टोंकचे आमदार आहेत, म्हणजे या लेखाच्या विषयात नेमके बसणारे. अनुराग ठाकूर खासदार असताना २०१६ मध्ये टीएत आले आणि मंत्री असताना, २०२१ मध्ये, कॅप्टन झाले. खासदारांसाठी 'लाभाच्या पदा'चा अडसर संसदेच्या १९५९ च्या कायद्याने दूर केला आहे. त्यात टीएतली पदं स्पष्टपणे वगळली आहेत. आमदारांना अशी सूट देण्याचा अधिकार अनुच्छेद १९१ ने राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे.

आपली रचना एका बाबतीत सोपी आहे. टीए केंद्राची असल्यामुळे आमदाराला आपल्याच मुख्यमंत्र्याला सॅल्यूट करावा लागत नाही. अमेरिकेतली ती गव्हर्नरची गाठ इथे पडतच नाही. खुर्चीचा प्रश्न मात्र इथेही आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा केंद्राने लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियनच्या तैनातीला मंजुरी दिली. असं बोलावणं ऐन अधिवेशनात एखाद्या आमदाराला आलं तर? अनुच्छेद १९० सांगतो की सभागृहाच्या परवानगीशिवाय सदस्य सलग ६० दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. त्यात मोठ्या तहकुबीचे दिवस धरले जात नाहीत, त्यामुळे व्यवहारात मुदत लांबते. तरीही सीमेवर निघालेल्या त्या आमदाराला ट्रंक भरण्याआधी सभागृहाकडे रजेचा अर्ज पाठवावा लागेल, आणि तो मंजूर करायचा की नाही हे ठरवणाऱ्यांत त्याचे विरोधकही बसलेले असतील.